जाळानं न शिवलेली फळी

“पण आण्णा, मी त्याला हात कुठं लावला?”

शिदगोंडा आण्णा चुलवणाच्या खड्ड्यात उकिडवे बसले होते. त्यांनी वाळल्या चिपाडांची एक कवळ उचलली, भट्टीच्या तोंडात सारली आणि काठीनं आत ढकलली. आत जाळ एकदा हुंकारला.

“मी काय विचारतोय?”

“ऐकतोय की.”

“उभ्या जन्मात त्याला बोट लावलं नाही. शिवी दिली नाही. आवाज चढवला नाही. वाटल्यास गावात विचारा.”

“गावात कशाला विचारू? तू सांगतोयस ते खरंच असणार.”

आण्णांनी दुसरी कवळ उचलली.

विचारणारा होता तवनाप्पा. पलीकडच्या गावचा गुळव्या. काहिलीत उकळणाऱ्या रसाकडे बघून, गूळ कधी झाला ते जो सांगतो तो गुळव्या. वय चाळिशीच्या पुढं. अंगावर इस्त्रीचा सदरा. त्याच्या हातचा गूळ कधी करपला नाही की कधी मऊ पडला नाही, असं सगळीकडे म्हणत, आणि ते त्यालाही ठाऊक होतं.

हे सगळं तो आण्णांच्याच हाताखाली शिकला होता. तेव्हा आण्णा वर काहिलीशी उभे असत. पुढं डोळ्यांत मोतीबिंदू उतरला. रसाचा रंग दिसेनासा झाला. तेव्हा आण्णा काही न बोलता पायऱ्या उतरून खाली आले आणि जाळ घालायला बसले.

लोकांना वाईट वाटलं. गुळव्यानं राखेत बसायचं म्हणजे काय.

आण्णा म्हणाले होते, “निम्मी विद्या वर होती. उरलेली खाली होती. वेळेवर सापडली.”

गुऱ्हाळाची रीतच अशी आहे. वरच्याला जाळ दिसत नाही. खालच्याला रस दिसत नाही. वरचा ओरडतो, “जाळ वाढव!” खालचा वाढवतो. वरचा ओरडतो, “जाळ तोड!” खालचा थांबतो. दोघं सबंध हंगाम एकमेकांचं तोंड न बघता काम करतात.

“नेमा इथंच आलाय म्हणे,” तवनाप्पा म्हणाला.

“आलाय. चार दिवस झाले.”

“कुठाय?”

“मागं. चिपाडं वाळत घालतोय.”

तवनाप्पा उठलाच.

“बस,” आण्णा म्हणाले. “आधी मला सांग. तो माझ्याकडं आला तेव्हा काहीच बोलला नाही. मी विचारलंही नाही. आता तू आलायस, तर तू सांग.”

तवनाप्पा बसला. खाली राख होती म्हणून आधी त्यानं रुमाल अंथरला.

“माझा धाकटा भाऊ तो. आई गेली तेव्हा सहा वर्षांचा होता. माझ्या ताटात जेवला, माझ्या कुशीत झोपला. मी लग्न केलं ते त्याला विचारून केलं. बारा हंगाम झाले, माझ्या गुऱ्हाळावर माझ्याबरोबर उभा आहे. मला येतं ते सगळं त्याला शिकवलं. काही हातचं राखलं नाही.”

“खरं आहे.”

“तर त्या दिवशी रसाचं आदण शेवटाला आलं होतं. नेमा काहिलीशी उभा. मी त्याच्या मागं. त्यानं रसाचा थेंब पाण्यात सोडून बघितला आणि म्हणाला, झालं. मी पुढं झालो आणि त्याच्या हातातला पळा घेतला. एवढंच.”

“मग?”

“मग त्यानं पाण्याची बादली लाथेनं उडवली. बारा माणसांसमोर. म्हणाला, राहिलं तुझं गुऱ्हाळ तुला. आणि गेला...”

तवनाप्पाचा आवाज जरा बसला.

“तीस वर्षांचा बाप्या, आण्णा. एका पळ्यावरनं असा भडकला. मला तर कळेनाच की हा नेमाच का दुसरा कोण.”

“रस झाला होता?”

“अं?”

“नेमा म्हणाला, झालं. झाला होता का?”

तवनाप्पानं चुलवणाकडे बघितलं.

“झाला होता.”

“मग पळा का घेतलास?”

“सवय.”

आण्णांनी मान हलवली. वरून कुणीतरी ओरडलं, “आण्णा, जाळ तसाच असू द्या!” आण्णांनी “होय” म्हटलं आणि एक कवळ सारली.

“आता तुझं म्हणणं काय आहे?”

“त्याला समजावा. माझा ऊस तोडून पडलाय, चार दिवस माझं मन लागत नाही, चुलवण थंड आहे. ते जाऊ दे, ऊस वाळला तर वाळला. पण घर उदास झालंय. बायको बोलत नाही माझ्याशी. म्हणते, तुम्हीच काहीतरी केलंत. मी काय केलं? तुम्ही त्याला सांगा. दादानं तुझं काय वाईट केलं, म्हणावं. तुमचं ऐकेल तो. संध्याकाळपर्यंत त्याला घेऊन जायचं म्हणूनच आलोय मी.”

“आणि नाही आला तर?”

“येईल. का नाही येणार? मी काही केलेलंच नाही.”

आण्णांचा उजवा गाल आणि उजवा हात डाव्यापेक्षा काळा होता. त्या हातावर केस उगवायचे कधीच थांबले होते.

मग त्यांनी मागं हात घालून एक फळी ओढली. सफरचंदाच्या खोक्याची असते तसली, पातळ, पांढुरकी. चुलवणाच्या तोंडापासून हातभर अंतरावर त्यांनी ती दोन विटांच्या आधारानं उभी केली.

“तवना, ह्या फळीवर नजर ठेव. जाळानं फळीला हात लावला की मला सांग.”

“हात लावला की?”

“जीभ बाहेर आली, फळीला चाटून गेली, की सांग. मला नीट दिसत नाही.”

“जाळ तिथवर येतच नाही, आण्णा. हातभर लांब आहे.”

“नाही आला तर नको सांगू.”

“तुम्ही जास्त घालणार असाल...”

“नाही घालत. रोजचाच जाळ.”

तवनाप्पा गुडघ्यावर हात ठेवून बसला. त्याला बरं वाटलं. नजर ठेवणं हे त्याचं रोजचं काम होतं, आणि ते त्याच्याइतकं चांगलं कुणी करत नव्हतं.

आण्णा एकसारख्या कवळी सारत राहिले.

“काय दिसतंय?”

“काही नाही. कडेला जरासं पाणी सुटलंय.”

“लाकडातलं आहे. आधी ते जातं.”

थोडा वेळ गेला.

“आता?”

“पिवळी पडायला लागली. मधोमध. जाळ अजून लांबच आहे.”

“बरं.”

“तांबूस झाली.”

“जाळ?”

“लांब.”

“मागनं हात लावून बघ.”

तवनाप्पानं फळीच्या मागच्या बाजूला तळवा टेकवला.

“गार आहे, आण्णा.”

“गार?”

“अगदी गार. इकडनं बघितलं तर काही झालंय असं वाटणारसुद्धा नाही.”

तवनाप्पानं हात काढला. पुन्हा टेकवला. पुन्हा काढला.

“नेमासुद्धा...” तो म्हणाला आणि थांबला.

“नेमाचं काय?”

“काही नाही. शांत होता, एवढंच म्हणत होतो. शेवटपर्यंत शांत होता.”

“फळीकडं बघ.”

फळी मधोमध काळी पडली होती. तिच्यातून धूर निघायला लागला. आधी एक धागा, मग दोन, मग सगळ्या अंगावरून पांढरा दाट धूर वर चढू लागला.

“धूर सुटला! पण जाळ अजून...”

भप्प.

आवाज मोठा नव्हता. उशी आपटावी तेवढाच. पण तवनाप्पा मागं कोलमडला. फळी वरपासून खालपर्यंत एकदम पेटली होती.

आण्णांनी काठीनं तिला चुलवणात लोटलं.

“जाळानं हात लावला?”

तवनाप्पा उठून बसला. त्याचा रुमाल बाजूला गेला होता आणि तो आता राखेतच होता.

“नाही लावला. देवाशप्पथ. वीतभर तरी मोकळी जागा होती मधे.”

“मग कशानं पेटली?”

“धगीनं.”

“धग दिसली तुला?”

“धग कुठं दिसते, आण्णा!”

“लाकूड पेटताना बघितलंस?”

“बघितलं की. आत्ताच तर...”

“धूर पेटला,” आण्णा म्हणाले. “नीट आठव. आधी वरचा धूर पेटला. फळी त्याच्या मागनं. चाळीस वर्षं गूळ केला तरी हे मला ठाऊक नव्हतं. खाली आल्यावर कळलं. धग लाकडातनं त्याचा धूर काढते. तो साचतो. मग एक ठिणगी उडाली तरी पुरे होते. आपण म्हणतो, ठिणगीनं पेटवलं. ठिणगी कितीशी असते?”

तवनाप्पानं आपल्या उजव्या हाताकडे बघितलं. पळा त्यानं त्याच हातानं घेतला होता.

“ठिणगी नसती तर पेटली नसती?” त्यानं विचारलं.

“पेटली असती. जरा उशिरा. धगच पुरेशी असली तर ठिणगीवाचून पेटतं.”

वरून हाक आली, “आण्णा, जाळ वाढवा!” आण्णांनी दोन कवळी एकदम सारल्या. तोंडातून तांबडा उजेड बाहेर आला. तवनाप्पानं चेहरा वळवला.

“मला एवढं कळतं, आण्णा,” तो म्हणाला. त्याचा आवाज पुन्हा घट्ट झाला होता. “फळी पातळ होती. खोक्याचं लाकूड ते, कशानंही पेटेल. माझा भाऊ चिपाड नव्हे. जाडजूड माणूस आहे. दहा जणांचं ऐकून घेतो आणि हसतो.”

“जाडजूड पेटत नाही?”

“इतक्या धगीनं नाही पेटत.”

आण्णांनी काठी वर केली आणि छपराकडे दाखवली. तिथं एका सागवानी वाशाच्या जागी लोखंडी पाइप बसवला होता.

“तिथला वासा मांडीएवढा जाड होता. चुलवणापासून पुरुषभर उंच. जाळ कधी तिकडं फिरकला नाही. दर हंगामाला थोडा काळा व्हायचा. मालक म्हणायचे, सागवान आहे, काही होत नाही. गेल्या साली एका दुपारी, जाळ कमीच होता, मी भाकरी खात होतो, आणि वासा पेटला.”

“कमी जाळावर?”

“कमी जाळावर. आणि चिपाड पेटलं तर पायानं विझतं. तो वासा चार माणसांना तासभर विझला नाही. वरनं विझला की आतनं धुमसायचा.”

तवनाप्पा वर बघत राहिला.

“नवं लाकूड आणि धग खाल्लेलं लाकूड, बाहेरनं सारखंच जाड दिसतं,” आण्णा म्हणाले. “पण काळं पडलेलं लाकूड धग जास्त ओढून घेतं. पहिल्या हंगामाला जेवढी धग सोसतं, तेवढी शेवटच्या हंगामाला सोसत नाही. आणि आपण म्हणत असतो, काल एवढी सोसली, आज काय झालं?”

तवनाप्पा एकदम बोलला.

“पण मग मी करू काय? त्याच्याकडं बघूच नको? गुळव्या आहे मी. बघणं हेच माझं काम आहे. तुम्हीच शिकवलंत!”

“रसाकडं बघायला शिकवलं होतं.”

तवनाप्पा हाताची राख झटकायला लागला.

“नेमा रस बघायचा,” आण्णा सावकाश म्हणाले. “आणि तू?”

“मी... त्याच्या मागं असायचो.”

“काय बघायचास?”

“पळा कसा धरतो. किती वाकतो. थेंब सोडायला उशीर करतो का. एकदा उशीर केला होता त्यानं. पहिल्या वर्षी. तेव्हापासून...”

“काही बोलायचास?”

“नाही. कशाला बोलू? नुसता असायचो.”

“रोज?”

“रोज. प्रत्येक आदणाला.”

चुलवणात चिपाडं तडतडत होती.

आण्णा जरा सरकले. फळी जिथं उभी होती त्या जागेवरच्या दोन विटा त्यांनी काठीनं बाजूला केल्या.

“इथं ये.”

“इथं?”

“ह्या जागेवर बस. चुलवणाकडं तोंड कर.”

तवनाप्पाला हसू आलं. मग त्यानं आण्णांकडे बघितलं आणि हसू गेलं. तो उठला आणि त्या जागेवर बसला.

पहिल्यांदा त्याला काही विशेष वाटलं नाही. मग कपाळ ताणलं. मग नाकाचा शेंडा. मग डोळ्यांतलं पाणी सुकल्यासारखं झालं आणि पापण्या जड झाल्या. सदऱ्याची बटणं गळ्याशी चटके द्यायला लागली. त्यानं मान वळवली.

“वळवू नको.”

“भाजतंय, आण्णा.”

“जाळ लागला?”

“नाही.”

“मग?”

तवनाप्पानं दात आवळले. त्याची पाठ गार होती. मागून वारा येत होता आणि सदरा पाठीवर थंड लागत होता. पुढून मात्र चेहऱ्याचं कातडं कुणी दोन्ही हातांनी ओढत असल्यासारखं वाटत होतं.

“किती वेळ बसायचं?”

“बारा हंगाम.”

तवनाप्पानं श्वास सोडला. त्याच्या गालांवरून पाणी ओघळलं आणि हनुवटीपर्यंत यायच्या आत सुकलं. ते घामाचं होतं की कसलं, कुणाला सांगता आलं नसतं.

आण्णांनी हात लांब करून त्याच्या दंडाला धरलं आणि लहान मुलाला ओढावं तसं त्याला बाजूला ओढून घेतलं. मडक्यातलं पाणी ओंजळीत घेऊन त्याच्या तोंडावर मारलं. मग आपल्याच मुंडाशाच्या टोकानं त्याचं कपाळ पुसलं.

“तू वाईट माणूस नाहीस, तवना,” ते म्हणाले. “चुलवणसुद्धा वाईट नाही. त्याच्यावाचून गूळ होत नाही.”

तेवढ्यात मागच्या वाटेनं नेमा आला. डोक्यावर चिपाडांचा भारा होता. खाली मान घालून आला, भारा टाकला आणि वर बघितलं.

दादा राखेत बसला होता. सदरा मळलेला, केसांत राख, चेहरा भाजल्यासारखा लाल.

नेमा आणि त्याचा दादा एकमेकांकडे बघत राहिले...

“तू खाली कशाला आलास?” नेमा म्हणाला.

“आण्णांकडं आलो होतो.”

“काय झालं तोंडाला?”

“काही नाही. जरा बसलो होतो.”

नेमानं आण्णांकडे बघितलं. आण्णा भाऱ्याची दोरी सोडत होते.

“न्यायला आला असशील,” नेमा म्हणाला.

“होय.”

“मी येणार नाही, दादा. मला बोलायचं नाही. तुझं काही चुकलं असंही मी म्हणत नाही. पण मी आलो की तू माझ्या मागं येऊन उभा राहणार.”

“नाही राहणार.”

“राहशील. तुला कळतसुद्धा नाही. मी अंघोळीला पाणी काढलं तरी तू घागर किती भरली ते बघतोस. जेवायला बसलो तर भाकरी कशी मोडतो ते बघतोस. माझी बायको मला म्हणते, तुम्ही झोपेतसुद्धा मान वळवून मागं बघता.”

तवनाप्पानं काहीतरी बोलायला तोंड उघडलं. तुझी वहिनी जेवत नाही, असं त्याच्या ओठांवर आलं होतं. ऊस वाळतोय, लोक हसतायत, तुझ्यासाठी मी काय काय केलं, हे सगळं त्याच्या मागोमाग उभं होतं.

ते त्यानं गिळलं.

“रस झाला होता,” तो म्हणाला.

“काय?”

“त्या दिवशी. तू म्हणालास झालं. तो झाला होता. मी पळा घ्यायच्या आधीच मला दिसलं होतं. तरी घेतला.”

नेमा खाली बसला आणि एक चिपाड उचलून त्याचे दोन तुकडे केले. मग त्या तुकड्यांचे आणखी दोन.

“गेल्या वर्षीपासून तुझा हात माझ्याहून चांगला आहे,” तवनाप्पा म्हणाला. “मला ठाऊक आहे. तुला सांगितलं नाही.”

“मला वाटलं, तुला दिसतच नाही,” नेमा म्हणाला. त्याचा आवाज फुटला. “इतकं बघतोस आणि तेवढंच दिसत नाही, असं वाटायचं.”

“दिसत होतं, नेमा.”

वरून हाक आली, “जाळ तोडा!” आण्णांनी काठी आडवी ठेवली. जाळ हळूहळू खाली बसू लागला. वर काहील उतरवायची गडबड सुरू झाली. माणसांचे पाय धावले, कुणी कुणाला शिवी दिली, कुणी हसलं. गरम गुळाचा वास खाली खड्ड्यापर्यंत आला.

तवनाप्पानं वास घेतला. “थोडा लवकर काढला,” तो सवयीनं पुटपुटला आणि मग त्यालाच लाज वाटली.

नेमा हसला. चार दिवसांत पहिल्यांदा.

“आण्णा,” तवनाप्पा म्हणाला, “आम्ही निघतो मग. दोघं मिळून...”

“थांब,” आण्णा म्हणाले. “नेमा, तुमचा ऊस तोडून पडलाय नव्हं?”

“होय, आण्णा.”

“जा मग. उद्या सकाळी चुलवण पेटव. काहिलीशी तू उभा राहा.”

“आणि दादा?”

“हा इथं राहील.”

तवनाप्पा दचकला.

“मी? आण्णा, मी त्याला न्यायला आलोय!”

“आणि मी त्याला पाठवतोय. चार दिवस त्यानं खाली मला हात दिला. तो गेला तर मला खाली माणूस नाही. माझे डोळे असे.”

“पण माझं गुऱ्हाळ...”

“नेमाचा हात तुझ्याहून चांगला आहे म्हणालास.”

“म्हणालो. पण पहिलाच दिवस, एकट्यानं...”

“खोटं म्हणालास का?”

तवनाप्पानं नेमाकडे बघितलं, मग नजर काढून घेतली. मग सदऱ्याच्या बाह्या कोपरापर्यंत दुमडल्या. इस्त्रीची घडी मोडली ती त्यानं बघितली नाही.

“किती दिवस?” त्यानं विचारलं.

“बघू.”

“बायकोला काय सांगू?”

“नेमा सांगेल. काय सांगशील रे?”

“सांगतो, दादा राखेत बसलाय,” नेमा म्हणाला. “वहिनी दोन घास जास्त खाईल.”

आण्णा खळखळून हसले. तवनाप्पालाही हसावं लागलं.

नेमा उठला. आण्णांच्या पाया पडला. दादाच्या पाया पडायला वाकला आणि मधेच थांबला. तवनाप्पानं नुसता त्याच्या डोक्याला हात लावला आणि काढून घेतला.

पुढच्या आदणाचा रस काहिलीत पडल्याचा आवाज झाला. “जाळ लावा!” वरून हाक आली. आण्णांनी काठी तवनाप्पाच्या हातात दिली. त्यानं चिपाडांची कवळ उचलली. जरा जास्तच उचलली, निम्मी खाली सांडली.

नेमा वाटेला लागला. चिंचेच्या झाडापर्यंत गेला असेल.

तवनाप्पा अर्धवट उठला. हातात काठी तशीच. त्यानं मान उंच केली.

“नेमा! ए नेमा! पहिल्या आदणाला रसात चुना जरा...”

नेमा थांबला. वळला नाही. नुसता पाठमोरा उभा राहिला.

आण्णांनी खालूनच, अगदी हळू आवाजात म्हटलं,

“तवना, जाळाकडं बघ.”